दहा बाय दहाच्या घरात चूल कुठली घ्याल?

चुलीत दिसते ती ज्वाळा लाकडाची नव्हेच. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतात आणि ज्वाळा होऊन जळतात ते हे वायू. कोरड्या लाकडाच्या वजनातला जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग असा वायुरूपाने निघून जातो. मागे उरतात ते निखारे. पटत नसेल तर मेणबत्ती विझवा. वातीवरून धुराची पांढरी रेघ वर चढते, तिला लगेच वरूनच काडी लावा. ज्योत धुरावरून उडी मारून खाली वातीवर येते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते. मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१च्या नाताळात मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्यानं दिली, त्यांत हा प्रयोग त्यांनी करून दाखवला होता.

थोडक्यात, धूर म्हणजे जळायचं राहून गेलेलं सरपण. चूल घ्यायला निघालेल्या माणसाने एवढं ध्यानात ठेवलं की निम्मी निवड तिथेच झाली. जी चूल धूर कमी करते तीच सरपण वाचवते, आणि लहानशा खोलीत तीच डोळ्यांना नि छातीला सोसते. आरोग्य वेगळं आणि बचत वेगळी, असं इथे नाहीच.

चुली आता राहिल्यात कुठे, असं शहरात बसून वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली सुमारे ५९ टक्के घरंच स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरणारी निघाली. गॅस असलेल्या घरांतही भाकरी, आंघोळीचं पाणी आणि सणावाराचा मोठा स्वयंपाक चुलीकडेच जातो. शेतावरची खोली, परसातलं न्हाणीघर, ऊसतोड कामगारांची पाचटाची कोपी ही सगळी लाकूड जाळणारी लहान घरं. त्यांच्यासाठी हा चुलींचा फेरफटका.

एक सिलिंडर बरोबर किती मोळ्या?

गणित मजेदार आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण साडेसहाशे मेगाज्यूल उष्णता भरलेली असते. शेगडीवर त्यातली ४००च्या आसपास भांड्यात पोचते. हवेत वाळलेल्या लाकडात किलोला १५-१६ मेगाज्यूल असतात, पण तीन दगडांची चूल त्यातला फक्त १० ते १५ टक्के भाग भांड्यापर्यंत पोचवते. बाकीची उष्णता बाजूने, धुरातून आणि भिंतीत जाते. म्हणजे एका सिलिंडरचं काम करायला साध्या चुलीला सुमारे २०० किलो लाकूड लागतं. डोक्यावरची मोळी वीस किलोची धरली, तर दहा खेपा.

आता सुधारित चूल घ्या. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३१५२ या मानकानुसार पंखा नसलेल्या फिरत्या चुलीने किमान २५ टक्के आणि पंखा असलेल्या चुलीने किमान ३५ टक्के उष्णता भांड्याला द्यायला हवी. २५ टक्केवाली चूल घेतली तरी दहा खेपांच्या पाच होतात. दुकानात चुलीच्या रंगरूपाआधी हा मानक क्रमांक विचारा. रानातून मोळी आणणाऱ्या बाईच्या मानेला कळणारा आकडा हाच आहे.

खोली लहान, तर जाळही लहान

दहा बाय दहाची, नऊ फूट उंचीची खोली म्हणजे जेमतेम २५ घनमीटर हवा. एक किलो लाकूड पुरतं जळायला किमान चार-पाच घनमीटर हवा लागते. अडीच किलो लाकडात स्वयंपाक उरकला असं धरलं, तरी खोलीतली निम्मी हवा चुलीनेच ओढली. म्हणून लहान घरात खिडकी हा चुलीचाच एक भाग समजावा. एक झडप खाली, चुलीच्या पातळीला, आणि एक वर, छपराजवळ. चुलीच्या किमतीत या दोन झरोक्यांचा खर्च धरूनच बजेट ठरवा.

तासाला एक किलो लाकूड जाळणारा विस्तव चार किलोवॉटहून जास्त उष्णता टाकतो. आंघोळीच्या पाण्याचा दोन किलोवॉटचा गिझर डोळ्यांसमोर आणा, तसे दोन. इंग्लंडात कालव्यांवरच्या चिंचोळ्या घरबोटींत माणसं वर्षानुवर्षं राहतात. बोटीची रुंदी सात फुटांच्या आत. तिथे शेगडी निवडताना एक ढोबळ हिशोब करतात : १४ घनमीटर जागेला एक किलोवॉट. डेन्मार्कच्या मॉर्सो कंपनीची कुशीवर खारीचं चित्र असलेली बुटकी बिडाची शेगडी तिथे फार आवडती आहे. हा हिशोब आपल्या खोलीला लावला तर पावणेदोन किलोवॉट पुरे, आणि तेही गारठ्याच्या देशात!

विदर्भातल्या मे महिन्यात ही उष्णता घरात नकोच असते. त्यामुळे आपल्याकडे एका खोलीच्या संसाराला उचलता येणारी चूल सर्वात सोयीची. उन्हाळ्यात पडवीत, पावसाळ्यात दाराशी. भिंतीत बांधून टाकलेली चूल कितीही देखणी असली, तरी वैशाखात ती उचलून बाहेर ठेवता येत नाही.

आणखी एक गोष्ट लोक उलटी समजतात. मोठी चूल घेऊन तिच्यात थोडं थोडं जाळू, म्हणजे झालं, असं वाटतं. मोठ्या पोकळीत लहान विस्तव थंड पडतो, वायू पेटत नाहीत आणि धुमसतात. लहान तोंडाची, आतून तापणारी चूल तेवढंच लाकूड ढणढण जाळते. चार माणसांच्या घराला पंगतीची चूल घेऊ नका.

जाड मातीची चूल उष्णता पिते

माती उष्णता राखते हे खरं, पण आधी ती भरपूर पिऊन घेते. जाड भिंतीची चूल पेटवल्यावर पहिला बराच वेळ लाकूड भांड्यापेक्षा भिंतच तापवत असतं. दिवसभर रांधणाऱ्या घराला ते चालतं. विस्तव निवला तरी चुलीला जोडून असलेल्या वैलावर दूध तापत राहतं, साय जाड येते. नुसता सकाळचा चहा नि पोहे करायचे असतील, तर मात्र ही चूल महागात पडते.

जुन्या बायका चुलीच्या मातीत भाताचा तूस आणि शेण घालतात, त्यामागे पक्कं शास्त्र आहे. चूल तापली की तूस जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. पोकळीतली हवा उष्णता बाहेर निसटू देत नाही. पत्र्याच्या दुहेरी भिंतीत राख भरली तरी हेच साधतं. विस्तवाला ती गोधडीच.

अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या अॅप्रोव्हेचो संस्थेत लॅरी विनियार्स्की यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हेच तत्त्व धरून रॉकेट स्टोव्ह घडवला. आडवं तोंड, त्याला काटकोनात उभी नळी, नळीभोवती हलकं उष्णतारोधक आवरण. वायू त्या तापलेल्या नळीत पेटून जळून जातात आणि भांड्याच्या बुडाला लागते ती स्वच्छ ज्वाळा. वायू पुरते जळायला सहाशे अंशांच्या वर तापमान लागतं. थंड भांडं थेट ज्वाळेत बसलं की वायू मध्येच निवतात आणि बुडाला काजळी धरते. काळं बूड पाहून चुलीची परीक्षा करता येते ती यामुळेच.

सगळ्यात स्वस्त सुधारणा हवी असेल तर चूल बदलूही नका, तिच्यात एक लोखंडी जाळी ठेवा. लाकडं जमिनीवरून उचलली जातात, खालून वारा मिळतो, राख खाली गळते. उदयपूरच्या परिसरात अशी जाळी ‘मेवाड अंगीठी’ या नावाने घरोघरच्या चुलींत बसवली गेली. गावच्या लोहाराकडून अशी जाळी करून घेण्याएवढा स्वस्त उपाय मला दुसरा ठाऊक नाही.

भाकरीची परीक्षा

चुलीच्या जाहिरातीत जे कधी नसतं, ते इथे सांगते. भाकरीला एक नाही, दोन प्रकारची उष्णता लागते. थापलेली भाकरी तव्यावर पडते, वरून पाण्याचा हात फिरतो, पाणी सुकायच्या बेताला ती उलटली जाते. इथवर काम तव्याचं. मग चुलीच्या तोंडाशी निखारे ओढायचे आणि भाकरी त्यांच्यासमोर उभी टेकवायची. समोरून येणारी धग वरचा पापुद्रा चटकन सुकवून घट्ट करते, आतल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या दीड हजारपटीहून जास्त जागा लागते. भाकरी टम्म फुगते ती या वाफेने.

आता रॉकेट स्टोव्हचं तोंड पाहा. पंजा जाईल एवढं. निखारे आत खोल, भाकरी टेकवायला जागाच नाही. म्हणून कित्येक घरांत नवी चूल चहा-भाताला राहते आणि भाकरीसाठी जुनी चूल पुन्हा पेटते. सरपण दोन्हीकडे जातं. ज्वारी-बाजरीच्या घराने रुंद तोंडाची, पुढे निखारे ओढायला ओटी असलेली चूलच बघावी. नाहीतर भाकरी भाजायची जाळी वर ठेवता येते का, ते पाहावं. तांदूळ खाणाऱ्या घराला हा प्रश्न नाही. त्यांनी बिनदिक्कत रॉकेट घ्यावा.

सरकारलाही हा धडा मोठ्या खर्चाने मिळाला. वर्ध्याच्या मगनवाडीत, ग्रामोद्योगाच्या चळवळीतून, धुराडं असलेली ‘मगन चूल’ पुढे आली होती. नंतर १९८३च्या सुमारास केंद्राने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला आणि २००२ मध्ये तो आवरेपर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या. पुष्कळशा चुली फार दिवस टिकल्या नाहीत. धुराडी काजळीने भरली, साफ कोणी करायची ते ठरलं नव्हतं, आणि भोकं घरच्या भांड्यांच्या मापाची नव्हती. चूल चालवणाऱ्या बाईला तिच्या तव्याचं माप कुणी विचारलं असतं, तर यातल्या कितीतरी चुली आजही पेटत्या असत्या असं मला मनापासून वाटतं.

बेंजामिन फ्रँकलिन यांचा धूर खाली गेला नाही

पतंग उडवून वीज ओळखणारे फ्रँकलिन शेगडीच्याही मागे लागले होते. १७४४ मध्ये त्यांनी आपल्या नव्या शेगडीवर पुस्तिका छापली. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरांनी पेटंट देऊ केलं, ते त्यांनी नाकारलं. शोध सर्वांच्या उपयोगाला यावा म्हणून. शेगडीत गोम एकच होती : धूर आधी खाली उतरून जमिनीखालून धुराड्यात जायचा. गरम हवा खाली उतरायला राजी होईना. पुढे डेव्हिड रिटनहाउस यांनी धुराचा पाइप सरळ वर नेला आणि ‘फ्रँकलिन स्टोव्ह’ म्हणून जी घरोघर गेली ती ही दुरुस्त केलेली शेगडी.

तुमच्या घराला नियम तोच. धुराडं जितकं सरळ आणि जितकं उंच, तितकी ओढ जास्त. प्रत्येक वळण ओढ कमी करतं. वरचं टोक आढ्याच्या दोन फूट तरी वर असावं, नाहीतर छपरावरून घसरलेला वारा धूर परत घरात ढकलतो. कोकणात वर टोपी हवीच. पेंढ्याच्या छपरातून मात्र पाइप काढूच नका. एक वळण पत्करा, भिंतीतून बाहेर काढा आणि मग वर न्या. काजळी महिन्याला झाडा, कारण साठलेली काजळी स्वतःच पेट घेते. पाइप थंड असताना धूर मागे येतो, तेव्हा आधी त्याच्या बुडाशी कागदाचा एक बोळा जाळा. ओढ लागली की नाही ते उदबत्ती सांगते : चुलीच्या तोंडाशी धरली की तिचा धूर आत वळला पाहिजे.

जुन्या घरांत धूर मुद्दाम माळ्यावर कोंडू देत. वरची बियाण्याची कणसं, शिंक्यातली सुकी मासळी, बांबूचे वासे कीड न लागता टिकत. धुराडं बसवलं की हे राखणं थांबतं, आणि कित्येक घरं याच कारणाने धुराडं नको म्हणतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसं दगावली. कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत रांधणाऱ्या बायकांच्या अंगावरच मोजयंत्रं अडकवून त्यांच्या श्वासातल्या धुराची मोजणी सुरू केली. तोवर बाहेरचा धूर मोजत होते, स्वयंपाकघरातला फारसा कुणी मोजला नव्हता. बियाण्याला राख चोळता येते, कडुनिंबाचा पाला घालता येतो. बाळंतिणीच्या खोलीत धूर नकोच.

भुशाची शेगडी : जवळजवळ फुकट

वखारीशेजारी घर असेल तर याहून स्वस्त काही नाही. पत्र्याचा रिकामा डबा, बाजूला खाली एक भोक. भोकातून एक दांडा आत सरकवायचा, मधोमध एक बाटली उभी धरायची आणि भोवती लाकडाचा कोरडा भुसा थराथराने घालत मुठीने, मग मुसळीने घट्ट ठोकायचा. डबा काठोकाठ भरला की बाटली हलकेच फिरवत वर ओढायची, दांडा बाहेर घ्यायचा. आत इंग्रजी एल आकाराचा बोगदा तयार, म्हणजे रॉकेट स्टोव्हचाच आकार, आणि इथे सरपण हीच भिंत! खालून पेटवली की आतून भुसा गोल गोल जळत जातो आणि तासन्‌तास एकसारखी आंच देतो. मध्ये लाकूड सारावं लागत नाही, फुंकणी लागत नाही. भुसा सैल ठोकला तर बोगदा ढासळतो नि डबा धुमसतो, तेव्हा मनगटाचा जोर इथेच लावायचा. प्लायवूडचा भुसा घेऊ नका, त्यातला डिंक विषारी धूर सोडतो.

बंब हा या शेगडीचा श्रीमंत भाऊ. मधून नळी, नळीत विस्तव, भोवती पाणी. रशियाचा समोवार हाच. धूर वर जाता जाता चारी बाजूंनी पाणी तापवतो, म्हणून चार करवंट्या नि मूठभर चिपाडांत बादलीभर पाणी कढत होतं. तांब्याचा महाग पडतो. मोडीच्या बाजारात जुना मिळाला तर कल्हईवाल्याकडून तळ तपासून घ्या.

पंख्याच्या चुलीची गोष्ट थोडी चटका लावणारी. बीपी कंपनी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ‘ऊर्जा’ नावाची पंख्याची शेगडी काढली. महाराष्ट्र-कर्नाटकात ती चार लाखांच्या आसपास घरांत गेली. धूर नावालाच. पण तिला खास दाबून केलेल्या कांड्याच लागायच्या. कांड्यांचा भाव चढत गेला आणि घरांनी शेगडी कोपऱ्यात सारली. तेव्हा जी चूल एकाच दुकानातलं इंधन मागते, ती स्वस्त मिळाली तरी दोनदा विचार करा.

उसाच्या पाचटाची कहाणी याच्या उलट. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या ‘आरती’ संस्थेने शेतात जाळून टाकलं जाणारं पाचट भट्टीत भाजून त्याच्या कोळशाच्या कांड्या केल्या. या कामाला २००२ मध्ये अॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांचा ‘सराई’ कुकर शे-दीडशे ग्रॅम कांड्यांवर एका कुटुंबाचा डाळ-भात-भाजी शिजवतो. एका खोलीच्या घराला तो फार शोभतो.

कोळशाचं एक भय मात्र आहे. लालभडक निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. थंडीत निखाऱ्यांची शेगडी घेऊन दारं लावून झोपणं जिवावर बेततं. शेगडी रात्री बाहेर, काही झालं तरी बाहेर.

चुलीच्या तोंडी काय द्यायचं?

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्मंसुद्धा पाणी असू शकतं. आधी ते पाणी उकळून उडायचं, मग लाकूड तापायचं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा : ठण्ण वाजल्या तर वाळल्यात, धप्प वाजल्या तर मांडवात परत ठेवा. टोकांना चिरा पडलेलं, साल सुटलेलं लाकूड घ्यावं. मनगटाहून जाड असेल तर फोडून घ्या. मृग लागायच्या आत बेगमी झाली पाहिजे, हे कोकणातल्या कुठल्याही घराला सांगावं लागत नाही.

बाभळीचे निखारे दमदार, भाकरीला तेच हवेत. तुराट्या आणि पऱ्हाट्या भसाभस जळतात, चहाला उत्तम, पण हात सतत चुलीपाशी. करवंटी बंबाला. बांबू अख्खा घालू नका, पेरात कोंडलेली हवा तापून तो फटाक्यासारखा फुटतो, उभा चिरून घाला. कण्हेर आणि बिब्बा चुलीत नकोच. कण्हेर सर्वांगाने विषारी, आणि बिब्ब्याचं तेल जसं अंगावर उततं तसा त्याचा धूरही बाधतो. रंगवलेल्या फळ्या आणि पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी, ही दोन्ही कायमची बंद.

बाजारात जाताना घरचा तवा आणि नेहमीचं पातेलं पिशवीत घालून न्या. चुलीवर ठेवून हलवा. पिठलं घोटताना पातेलं डगमगलं तर ती चूल लहान मुलांच्या घरात नको. भांड्याचं बूड आणि चुलीचा काठ यांत बोटभर फट हवी. जास्त असेल तर ज्वाळा बाजूने पळते, कमी असेल तर विस्तव कोंडतो. आतल्या नळीचा पत्रा ठोकून बघा, तो बाहेरच्यापेक्षा जाड असायला हवा, आधी जळतो तोच. जाळी निघते का, बदली मिळते का, ते विचारा. मग विक्रेत्याला सांगा, “दादा, एकदा पेटवून दाखवा.” मूठभर कोरड्या काटक्या, दहा मिनिटं. सुरुवातीला थोडा धूर येणारच. दहा मिनिटांनंतरही पांढरा धूर चालू असेल तर पुढच्या दुकानात जा. आणि पेटवून दाखवायला तो तयारच नसेल, तर दहा मिनिटंही थांबायचं कारण नाही.